न्यू मेक्सिको पाहायचं तर पाटाच्या काठाने

अल्बुकर्कीला उतरलात की पहिला दिवस काही पाहू नका. भरपूर पाणी प्या आणि झोप काढा. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा जेमतेम पंचवीस-तीस मीटर खाली. तिथून तासाभरावरचं सान्ता फे, या राज्याची राजधानी, त्याहूनही पाचशे मीटर उंच. हवा कोरडी, ऊन कडक, सावलीत मात्र गारवा. साठी उलटलेल्यांचं पहिल्या दिवशी डोकं जड होतं, जिना चढताना धाप लागते. उंचीची सवय झाली की दोन दिवसांत बरं वाटतं.

मी साक्री तालुक्यातला. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं नोकरी केली आणि उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. लेक-जावई अल्बुकर्कीला असल्यामुळे आम्ही दोघं दीड-दोन वर्षांनी तिथे जाऊन सहा-सहा महिने राहतो. नात्यातली, ओळखीची माणसं अमेरिकेला निघाली की मला फोन करतात. ग्रँड कॅन्यन आणि लास व्हेगस त्यांचं ठरलेलं असतं. मधे न्यू मेक्सिको लागतं, ‘तिथे दोन दिवसांत काय उरकता येईल?’ असं विचारतात. उरकायचं असेल तर जाऊच नका. आठ दिवस हाताशी असतील तर माझं ऐका: हे राज्य पाण्याच्या वाटेने पाहा, आणि पाहुणे म्हणून पाहा. तसं पाहिलं तर इथला इतिहास आपोआप उलगडतो.

आधी एवढं डोक्यात ठेवा. हे राज्य महाराष्ट्राहून किंचित मोठं आहे, सुमारे ३ लाख १५ हजार चौरस किलोमीटर. माणसं मात्र सगळी मिळून २१ लाख, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या चौथाईलाही कमी. मधोमध उत्तरेकडून दक्षिणेकडे रिओ ग्रान्दे नदी वाहते. वस्ती बरीचशी तिच्या आणि तिच्या उपनद्यांच्या काठाने, बाकी उघडं माळरान आणि डोंगर. नदीकाठी मूळच्या लोकांची गावं होतीच. स्पॅनिश लोक त्या गावांना पुएब्लो म्हणाले, म्हणजे नुसतं ‘गाव’. आजही अशी १९ पुएब्लो नांदती आहेत. १५९८ साली हुआन दे ओन्यातेने स्पेनच्या राजासाठी इथे वसाहत बसवली. १८२१ मध्ये मेक्सिको स्वतंत्र झाला आणि हा मुलूख त्याच्याकडे गेला. १८४६ मध्ये अमेरिकेची फौज आली, १८४८ च्या तहाने मुलूख अमेरिकेचा झाला. तरीही राज्याचा दर्जा मिळायला १९१२ उजाडलं. म्हणून इथे ‘तुमचे पूर्वज अमेरिकेत कधी आले?’ असं विचारू नका. स्पॅनिश बोलणारी कितीतरी घराणी चारशे वर्षं त्याच जागी आहेत. अमेरिका त्यांच्या दारात आली. मूळच्या लोकांना तर हा प्रश्नच लागू नाही.

जाण्याचे दिवस नीट निवडा. मार्च-एप्रिलमध्ये वारा इतका सुटतो की डोळ्यांत, ताटात, सगळीकडे धूळ. जुलै ते मध्य सप्टेंबर हा इथला पावसाळा. त्याला ते लोकही ‘मान्सून’च म्हणतात. दुपारी तीन-चारला ढग भरून येतात, अर्धा तास झोडपून काढतात आणि संध्याकाळी आभाळ धुतल्यासारखं. त्या वेळी कोरड्या ओढ्यात, ज्याला तिथे आरोयो म्हणतात, उतरू नका. वर डोंगरात पडलेला पाऊस तुमच्या डोक्यावर थेंबही न पडता लोंढा होऊन येतो. सगळ्यांत चांगला काळ ऑगस्टअखेर ते सप्टेंबरअखेर. ऑक्टोबरच्या सुरुवातीला अल्बुकर्कीत उष्ण हवेच्या फुग्यांचा मोठा मेळा असतो. पाहायला सुंदर, पण राहायच्या जागा महाग आणि भरलेल्या.

ओळख करून देतानाही थोडं भान ठेवा. आपण सवयीने ‘आय अॅम इंडियन’ म्हणून टाकतो. या राज्यात त्या शब्दाला आधीच धनी आहेत. ‘भारतातून आलो’ असं म्हणा, गैरसमज होत नाही आणि लगेच बोलणंही सुरू होतं. समोरच्याला त्याच्या समाजाच्या नावाने ओळखा: हा आकोमाचा, ती तावोसची. नवाहो लोक स्वतःला दिने म्हणतात. ‘रेड इंडियन’ हा शाळेच्या पुस्तकातून डोक्यात बसलेला शब्द घरी ठेवून निघा.

पाट

दुसऱ्या दिवसापासून सान्ता फेला मुक्काम करा. अल्बुकर्कीहून रेल रनर नावाची गाडी जाते, खिडकीतून पुएब्लोंची शेतं दिसतात. सान्ता फेत पहिल्या सकाळी चौकात न जाता आसेकिया माद्रे या रस्त्याने चालत निघा. रस्त्याच्या कडेला दगडांनी बांधलेला एक अरुंद चर दिसेल. बहुतेक प्रवासी तो गटार समजून ओलांडतात. तो पाट आहे, आणि त्या रस्त्याला त्याचंच नाव आहे. आसेकिया म्हणजे पाट; आसेकिया माद्रे म्हणजे मुख्य पाट, शब्दशः ‘आई-पाट’. मूळ शब्द अरबी, अस्-साकिया. आपल्या ओळखीचा ‘साकी’ त्याच धातूतला, पाणी पाजणारा. अरबांनी ही विद्या स्पेनमध्ये नेली, स्पॅनिशांनी ती समुद्रापलीकडे नेली. इथे पुएब्लोंचे लोक आधीच नदीचं आणि पावसाचं पाणी वळवून मका पिकवत होते. दोन्ही विद्या एका खोऱ्यात मिसळल्या. राज्यात आजही सुमारे ७०० आसेकिया चालू आहेत आणि कायद्याने त्यांना स्थानिक स्वराज्य संस्थेसारखा दर्जा आहे.

आमच्या पांझरा-मोसमकाठची फडपद्धत, म्हणजे गावाने मिळून पाटाचं पाणी वाटून घेण्याची रीत, ज्यांनी पाहिली आहे त्यांना पुढचं समजावून सांगायला नको. नदीवर छोटा बंधारा, तिथून निघणारा पाट, पाटाच्या चाऱ्या, उरलेलं पाणी पुन्हा नदीला. आपल्याकडे पंच, इथे तीन निवडलेले कमिशनर. आपल्याकडे पाटकरी, इथे मायोर्दोमो. ज्यांचा पाण्यावर हक्क ते पार्सियान्ते. हक्क जेवढा मोठा, तेवढे जास्त मजूर वसंतात पाट साफ करायला पाठवायचे किंवा त्यांची मजुरी भरायची. पाणी तुटलं की सगळ्यांचंच तुटतं, मायोर्दोमो पाळ्या लावून देतो. एक फरक मात्र मोठा. फडात आपण पीकही मिळून ठरवतो, एका फडात एकच पीक. इथे पाणी सामाईक, पीक ज्याचं त्याचं.

२०१७ च्या मार्चमध्ये लेकीच्या एका सहकाऱ्याच्या वडिलांनी मला एम्बुडो खोऱ्यातल्या त्यांच्या गावी पाटसफाईला नेलं. त्यांची सफरचंदाची लहानशी बाग आहे. सकाळी आठला थंडीत वीस-बावीस माणसं फावडी घेऊन पाटावर उभी होती. सत्तरीचे म्हातारे होते, कॉलेजातली दोन मुलं होती, एक बाई पाठीला तान्हं बांधून आली होती. मायोर्दोमोने वहीतून हजेरी घेतली. मग तो पाटाच्या कडेने चालत निघाला आणि फावड्याच्या दांड्याने माप घेत जमिनीवर रेघा ओढत गेला. दोन रेघांमधला तुकडा एका माणसाचा. त्याला तारेआ म्हणतात. तुमचा तुकडा झाला की थांबायचं, शेवटच्या माणसाचा होईपर्यंत कोणी पुढे सरकत नाही. मलाही एक तुकडा मिळाला. गाळ, कुजलेली पानं, वाळुंजाच्या बोटाएवढ्या जाड मुळ्या. काठ उभा तासायचा, तळ सपाट ठेवायचा आणि माती खालच्या अंगाला टाकायची, म्हणजे खालचा काठ भक्कम होतो. हे मला कोणी सांगावं लागलं नाही, माझ्या वडिलांनी हेच शिकवलं होतं. माझं काम पाहून शेजारच्या तुकड्यातल्या म्हाताऱ्याने मान हलवली आणि स्वतःच्या थर्मासातली कॉफी पुढे केली. जेवणाच्या सुटीत त्याने नातवाकरवी विचारलं, ‘तुमच्याकडे रात्री कोणी पाणी चोरलं तर काय करता?’ मी म्हटलं, ‘त्यासाठी जागल्या ठेवतो.’ नातवाला तो शब्द भाषांतर करून सांगताना माझे डोळे भरून आले. इतक्या लांब येऊन कोणी मला जागल्याबद्दल विचारेल असं कधी वाटलं नव्हतं.

चार दिवसांनी पाणी सोडलं. कोरड्या पाटात पाणी एकदम येत नाही. आधी काड्या, पानं आणि फेस यांचा एक झुपका हळूहळू सरकत येतो, मातीत बुडबुडे निघतात, आणि त्याच्यामागून पाणी. दोन पोरं फावड्याने कचरा ओढून काढत झुपक्याबरोबर चालत होती. आम्ही सगळे त्यांच्यामागून.

तुम्हाला सफाईला जाता येईलच असं नाही. मग सान्ता फेच्या दक्षिणेला एल रान्चो दे लास गोलोन्द्रिनास या जुन्या मुक्कामाच्या जागी उघडं संग्रहालय आहे, तिथे चालू पाट आणि पाणचक्की पाहा. सान्ता फेहून तावोसला मोठ्या हमरस्त्याने न जाता डोंगरातल्या वरच्या वाटेने जा. त्या वाटेवर लास त्राम्पास गावापाशी झाडांचे बुंधे कोरून केलेली पन्हळ ओढ्यावरून पाटाचं पाणी पलीकडे नेते, रस्त्यावरूनच दिसते. थांबा, पाहा, पण पाटाच्या दाराला हात लावू नका. कोणाची तरी पाळी चालू असते.

या पाटांचं पुढे काय होणार याची मला खरोखर काळजी वाटते. २०२२ साली हर्मिट्स पीकच्या वणव्यात ३ लाख ४० हजार एकरांहून जास्त जंगल जळलं, या राज्यातला आजवरचा सगळ्यांत मोठा वणवा. सरकारी वनखात्याने मुद्दाम लावलेल्या नियंत्रित आगी हाताबाहेर गेल्या होत्या. जळक्या डोंगरावरून पुढच्या पावसात राख आणि दगड वाहत आले आणि मोरा भागातले कितीतरी पाट बुजले. शहराला पाणी हवं असतं, शेतकऱ्याची मुलं शहरात असतात, हक्क विकला जातो. सफाईला माणसं कमी पडली की पाट मरतो.

माती

वरच्या वाटेच्या शेवटी रान्चोस दे तावोस गावात सान फ्रान्सिस्को दे आसिसचं चर्च आहे. समोरून बाकीच्या चर्चसारखं. मागच्या अंगाला जा. खिडकी नाही, नक्षी नाही, नुसते मातीचे फुगीर, भले थोरले धिरे. अडोबीच्या म्हणजे माती, वाळू आणि पेंढ्याच्या उन्हात वाळवलेल्या विटा, वर मातीचाच गिलावा. हे बांधकाम १८०० च्या आगेमागे पुरं झालं आणि अजून उभं आहे, कारण दर उन्हाळ्यात गावचे लोक जमून त्याला नवा गिलावा देतात. माती चाळायची, पेंढा मिसळायचा, पायाने आणि फावड्याने कालवायची, मग तळहाताने भिंतीवर चढवायची. शेवटचा हात ओल्या कातड्याने किंवा हाताने गुळगुळीत करतात. परंपरेने गिलावा हे बायकांचं काम. बायकोने तो तळहाताचा अर्धगोल पाहिला आणि म्हणाली, ‘सारवताना माझा हात असाच फिरायचा.’

बांधकामातल्या लोकांनी इथली एक गोष्ट जरूर विचारून घ्यावी. १९६७ मध्ये दरवर्षीची मेहनत वाचावी म्हणून या चर्चला सिमेंटचा टणक गिलावा केला. सिमेंटला बारीक भेगा पडल्या, पाणी आत शिरलं आणि बाहेर पडायला वाट राहिली नाही. आतल्या विटा भिजून खचायला लागल्या. १९७९ मध्ये ते सगळं खरवडून पुन्हा मातीचा गिलावा सुरू केला. मातीची भिंत श्वास घेते, ओल बाहेर टाकते. आपल्या गावाकडच्या जुन्या वाड्यांना आपणही हेच करतो आहोत, वरून सिमेंट थापतो आणि आतून भिंत मारतो.

सान्ता फे शहरातली मातकट घरं पाहून मात्र भुलू नका. त्यातली बरीच लाकडी सांगाड्याची आणि वरून मातीचा रंग दिलेली असतात. १९५७ पासून शहराच्या जुन्या भागात बांधकाम कसं दिसावं याचा नियमच आहे.

चौक आणि गाठी मारलेली दोरी

आता चौकात या. उत्तरेच्या बाजूला लांबलचक ओसरीची बैठी इमारत दिसेल, ती १६१० च्या सुमाराची, गव्हर्नरांचा वाडा. स्पेन, मेक्सिको, अमेरिका, तिघांचे कारभारी इथे बसले. आणि बारा वर्षं मूळचे लोकही.

ती बारा वर्षं समजल्याशिवाय पुढे जाऊ नका. १६७५ मध्ये स्पॅनिशांनी पुएब्लोंच्या ४७ धर्मपुरुषांना जादूटोण्याच्या आरोपाखाली पकडलं आणि त्यांतल्या बहुतेकांना फटके मारले. त्यांच्यातला एक ओके ओविंगे पुएब्लोचा पोपे. त्याने पाच वर्षं शांतपणे तयारी केली. गावं लांब लांब, भाषा वेगवेगळ्या, लिपी नाही. १६८० च्या ऑगस्टमध्ये धावणारे तरुण गाठी मारलेल्या दोऱ्या घेऊन गावोगाव गेले. रोज एक गाठ सोडायची. शेवटची सुटली की उठायचं. दोन धावणारे पकडले गेले, बेत फुटला, म्हणून उठाव एक दिवस आधी, १० ऑगस्टला झाला. सुमारे ४०० वसाहतवाले मारले गेले, त्यांत २१ धर्मोपदेशक होते. उरलेल्यांनी याच वाड्यात आसरा घेतला. पुएब्लोंनी वाड्याचं पाणी तोडलं. शेवटी हजार-दोन हजार माणसं दक्षिणेला एल पासोकडे निघून गेली. १६९२ मध्ये स्पॅनिश परत आले, पण पुएब्लोंच्या भाषा, नाच, देव टिकले ते त्या उठावामुळे, असं तिथले लोक मानतात, आणि मलाही ते पटतं. वॉशिंग्टनच्या संसद भवनात प्रत्येक राज्याचे दोन पुतळे असतात. न्यू मेक्सिकोच्या दोनांपैकी एक पोपेचा आहे, हातात गाठींची दोरी.

पाहुणे म्हणून कसं वागावं

प्रत्येक पुएब्लोचा गावजत्रेचा दिवस ठरलेला असतो. सान इल्देफोन्सोचा २३ जानेवारी, केवाचा ४ ऑगस्ट, आकोमाचा २ सप्टेंबर, तावोसचा ३० सप्टेंबर. नाव ख्रिस्ती संताचं, नाच मक्याचा आणि पावसाचा. बाहेरच्यांना येऊ देतात, पण तो कार्यक्रम नाही, ती पूजा आहे. मोबाइल गाडीतच ठेवा. फोटो, चित्र, ध्वनिमुद्रण काही नाही. मधे चौकातून आडवं जायचं नाही, गोल किवांच्या म्हणजे पूजेच्या खोल्यांच्या शिड्यांवर चढायचं नाही, कबरस्तानात शिरायचं नाही. आणि टाळ्या वाजवायच्या नाहीत.

हे शेवटचं मी चुकून शिकलो. पहिल्याच वर्षी एका जत्रेत तीनशे-चारशे नाचणारे एका ढोलावर पावलं टाकत होते, लहान पोरंही. नाच थांबला आणि माझ्या टाळ्या वाजल्या. माझ्याच. शेजारी खुर्चीवर बसलेल्या आजीबाईंनी माझ्या हातावर आपला हात ठेवला, काही बोलल्या नाहीत. आरतीनंतर कोणी ‘वन्स मोअर’ म्हणावं, तसं झालं होतं. मी माफी मागितली. नाच संपल्यावर त्यांनीच आम्हाला घरी जेवायला बोलावलं. असं बोलावणं आलं तर जा. पोटभर खा, पण रेंगाळू नका. तुमच्यामागे दारात दुसरी पंगत उभी असते. पैसे देऊ नका. पुढच्या वेळी फळं घेऊन जा.

तावोस पुएब्लो एरवीही पाहता येतं, प्रवेशशुल्क भरून. हिवाळ्याच्या शेवटी त्यांच्या विधींसाठी ते काही आठवडे बंद असतं, म्हणून आधी फोन करून विचारा. अनेक मजली मातीची घरं, हजारेक वर्षं वसलेली. जुन्या भागात वीज नाही, नळ नाही. मधून ओढा वाहतो, लोक त्याचंच पाणी भरतात. त्यात पाय बुडवू नका. तो ओढा वर डोंगरातल्या निळ्या तळ्यातून येतो, आणि ते तळं त्यांचं सर्वांत पवित्र ठाणं. १९०६ मध्ये सरकारने ते राखीव जंगलात घेतलं. पुएब्लोने चौसष्ट वर्षं लढा दिला, भरपाईचे पैसे नाकारले, १९७० मध्ये ४८,००० एकर परत मिळवले. तळं बाहेरच्यांना पाहता येत नाही. तसा आग्रहही धरू नका.

आकोमा अल्बुकर्कीच्या पश्चिमेला, शंभरेक मीटर उंच सपाट कड्यावर. तिथे त्यांच्याच वाटाड्याबरोबर जावं लागतं, आणि तेच बरं. १५९९ च्या जानेवारीत ओन्यातेच्या फौजेने इथे शेकडो माणसं मारली. पंचवीस वर्षांवरच्या पुरुषांना एक पाय तोडण्याची आणि वीस वर्षं गुलामीची शिक्षा ठोठावली. वाटाडी मुलगी हे सांगताना आवाज चढवत नाही. चारशे वर्षांनी ओन्यातेच्या पुतळ्याचा उजवा पाय रात्रीतून कोणीतरी करवतीने कापून नेला. वाटाड्याला ‘तुमच्या घरात काय वाटतं?’ असं विचारलंत तर ऐकण्यासारखं ऐकायला मिळतं. उतरताना बस सोडून कड्यातल्या जुन्या पायऱ्यांनी उतरा, गुडघे साथ देत असतील तर.

लाल की हिरवी

हॉटेलात विचारतील, ‘रेड ऑर ग्रीन?’ हा या राज्याचा अधिकृत प्रश्न आहे, विधिमंडळाने मान्य केलेला. मिरचीचा रस लाल हवा की हिरवा. दोन्ही हवे असतील तर ‘ख्रिसमस’ म्हणा. ही मिरची मेक्सिकोतून स्पॅनिशांबरोबर रिओ ग्रान्देच्या काठाने वर आली. तिचीच भावंडं पोर्तुगीजांबरोबर गोव्यात उतरली आणि आपल्या ठेच्यात आली. इथली हिरवी मिरची लांब, मांसल, आपल्या लवंगीपेक्षा कितीतरी सौम्य. ऑगस्टअखेर दुकानांबाहेर जाळीचे पिंप गॅसच्या ज्वाळेवर गरागरा फिरतात, आत पोतंभर मिरची भाजते, साल काळी पडून सुटते. वांगं भाजल्यासारखा वास सगळ्या वस्तीत भरतो. बायको दरवर्षी एक पोतं घेते. गरम मिरच्या पिशवीत बांधून अर्धा तास वाफवायच्या, मग साल चोळून काढायची; नळाखाली धुवायची नाही, चव वाहून जाते. ती त्यात लसूण आणि शेंगदाण्याचा कूट घालून ठेचा करते. शेजारची स्पॅनिश बाई आता तो ठेचा मागून नेते.

शाकाहारींनी एवढं विचारूनच घ्यावं: मिरचीच्या रसात मांसाचं पाणी आहे का, घेवड्यात डुकराची चरबी आहे का. बहुतेक वेळा असते. कालाबासितास मागा, भोपळ्याच्या जातीची फळभाजी, मका आणि हिरवी मिरची. सोपापिया म्हणजे चौकोनी टम्म पुरी, तिचा कोपरा फोडून आत मध घालतात. सणाला पोसोले असतं, चुन्याच्या पाण्यात शिजवून साल काढलेला मका. पण त्यात बहुधा डुकराचं मांस असतं.

जिथे फोटो काढण्यासारखं काही नाही

एक दिवस यासाठी ठेवा. फोर्ट सम्नरजवळ बोस्के रेदोन्दोला जा. १८६४ मध्ये अमेरिकी फौजेने आठ हजारांहून जास्त दिने लोकांना त्यांची घरं, फळबागा जाळून शेकडो मैल चालवत इथे आणलं. पाणी पेकोस नदीचं, खारं. मका किडीने गेला, जळण मिळेना, माणसं मेली. चार वर्षांनी, १ जून १८६८ ला तह झाला आणि ते आपल्या मुलखात परतले. मूळच्या लोकांना आपली भूमी अशी परत मिळणं अमेरिकेत फार क्वचित घडलं.

राज्याच्या पश्चिमेला चर्च रॉक. १६ जुलै १९७९ ला युरेनियम गिरणीचा मातीचा बांध फुटला. सुमारे ९ कोटी ४० लाख गॅलन किरणोत्सारी पाणी आणि ११०० टन गाळ पुएर्को नदीत गेला. त्या नदीवर दिने लोकांची मेंढरं पाणी पीत. आयुष्यभर मातीचे बांध तपासलेल्या माणसाला ही ओळ वाचून झोप लागत नाही. तारीख लक्षात ठेवा. १६ जुलै १९४५ ला पहाटे ५ वाजून २९ मिनिटांनी याच राज्याच्या दक्षिणेत, ट्रिनिटीला, पहिला अणुबॉम्ब उडवला होता. जागा वर्षातून ऑक्टोबरमध्ये एक दिवस खुली असते. तो बॉम्ब जिथे घडवला त्या लॉस अलामोसला प्रमुख शास्त्रज्ञ ओपेनहायमरचं घर आहे, संग्रहालयात सगळं नीट मांडलेलं आहे. पण ट्रिनिटीजवळच्या तुलारोसा खोऱ्यातल्या लोकांना त्या पहाटे कोणीही कळवलं नव्हतं. छपरावरचं पाणी हौदात साठवून पिणारी ती माणसं. राख त्याच छपरांवर पडली. १९९० मध्ये भरपाईचा कायदा झाला, त्यात त्यांचं नाव नव्हतं. २०२५ मध्ये आलं.

काय आणावं

गव्हर्नरांच्या वाड्याच्या ओसरीत रोज मूळचे कारागीर चादरी अंथरून बसतात. तिथला नियम चांगला आहे: माल स्वतःचा किंवा घरच्यांनी घडवलेला असलाच पाहिजे. भाव पाडू नका. मडकं घ्यायचं असेल तर सान इल्देफोन्सोचं काळं पाहा. मारिया मार्तिनेझ आणि तिचा नवरा हुलियान यांनी साधारण १९१९ मध्ये चमकत्या काळ्यावर मंद काळी नक्षी साधली. मडकं गारगोटीने घासून चकचकीत करायचं, भट्टी पेटली की वरून घोड्याची वाळलेली लीद टाकून ती कोंडायची. हवा बंद झाली की धूर मातीत मुरतो आणि मडकं काळं होतं.

आम्ही मुठीएवढं एक घेतलं. विकणाऱ्या बाईंनी ते कागदात गुंडाळताना दोनदा बजावलं: यात पाणी भरू नका, ओलं फडकं लावू नका, आणि विमानात सामानात टाकू नका, मांडीवर घ्या. मुंबईपर्यंत बायकोने ते तसंच आणलं.